तिसऱ्या पाळीचा आठवडा आणि कॉफीचा त्रास: दर वेळी तेच का होते, काय बदलायचे

नाशिकच्या पट्ट्यात सातपूर, अंबड, सिन्नर-माळेगाव किंवा गोंदे, कंपनी कुठलीही असो, तिसऱ्या पाळीतल्या, म्हणजे रात्रपाळीतल्या, कॉफीची तक्रार बहुधा ठरलेल्या क्रमाने येते. पहिली रात्र कॉफीवर निभून जाते. दुसऱ्या सकाळी अंथरुणाला पाठ टेकली तरी डोळा लागत नाही. तिसऱ्या रात्री कप वाढतात, चौथ्या दिवशी छातीत जळजळ सुरू होते, पाचव्या रात्री हात थरथरतात आणि धडधड जाणवते. सुट्टीच्या दिवशी डोके ठणकते. पुढे फर्स्ट-सेकंडचे दोन आठवडे बरे जातात आणि थर्ड आली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सिव्हिल हॉस्पिटलमधल्या नर्सेस, सिक्युरिटीवाले, रात्री मुंबईकडे निघणारे ड्रायव्हर, हंगामात द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये रात्र काढणारे, सगळ्यांची गत थोड्याफार फरकाने हीच.

या तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, म्हणून उपायही वेगवेगळे केले जातात: जळजळीला गोळी, डोक्याला गोळी, झोपेला आणखी एक. मूळ कारण मात्र बहुतेक वेळा एकच असते, पहाटे ३ नंतर घेतलेला कप. त्याची वेळ आधी बदला. बाकीच्या दुरुस्त्या त्यानंतर.

खाली सगळीकडे रात्री ११ ते सकाळी ७ ची पाळी आणि सकाळी साडेआठला झोप असे धरले आहे. तुमची पाळी ८ ते ८ असेल तर झोपेच्या वेळेपासून उलटे मोजा.

पहिले काम: तीन रात्रींची मोजणी

काहीही बंद करण्याआधी सलग तीन रात्री लिहून ठेवा: किती वाजता, काय, केवढे, त्याच्यासोबत काय खाल्ले, त्रास किती वाजता झाला आणि किती तास झोप लागली. कॅन्टीनच्या कुपनामागे लिहिले तरी चालेल. "दोन-तीनच कप होतात" म्हणणाऱ्यांच्या यादीत बऱ्याचदा दोन कॉफ्या, तीन कटिंग आणि एक एनर्जी ड्रिंक निघते, आणि पोटात या सगळ्याचा हिशेब एकाच खात्यात जमा होतो.

मोजायला हे आकडे पुरेत. शुद्ध इन्स्टंट कॉफीचा सपाट चमचा म्हणजे साधारण २ ग्रॅम पावडर, त्यात सुमारे ६० मिलिग्रॅम कॅफीन. पाकिटावर "कॉफी ७० टक्के, चिकोरी ३० टक्के" असे छापलेले असेल तर तेवढ्याच पावडरीत ४० च्या आसपास, कारण चिकोरीत कॅफीन नसते. म्हणून घरची पावडर बदलली की तोच चमचा अचानक "चढतो". उडप्याकडची फिल्टर कॉफी डिकॉक्शनवर अवलंबून असते; एका पेल्याला १०० धरून चाला. कटिंगला २५ ते ३०. एनर्जी ड्रिंकमध्ये आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम चालते, म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये ७५ पर्यंत. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही ५० मिलिग्रॅम असते. स्ट्रिपमागे "कॅफीन" लिहिले आहे का ते पाहा.

व्हेंडिंग मशीनच्या कॉफीत गोम वेगळी आहे. प्रीमिक्समध्ये मुख्यतः साखर आणि दूध पावडर असते. कॉफी कमी पडते, म्हणून माणूस लागोपाठ दोन कप घेतो आणि तासाभराने जी मरगळ येते तिचा दोष कॉफीला देतो. शक्य असेल तर मशीनमधून नुसते गरम पाणी घ्या आणि सॅशे स्वतःचा न्या. किती घेतले हे निदान कळते.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि एका वेळेला २०० मिलिग्रॅम ही सुरक्षित मर्यादा सांगितली. गरोदरपणात दिवसाला २००. दिवसा झोपणाऱ्याने मात्र ४०० ला आपला कोटा मानू नये, असे आमचे ठाम मत आहे. संध्याकाळचा चहा धरून रात्रभरात २०० ते २५०, आणि एका वेळेला ८० च्या आत, एवढ्यात बहुतेकांचे भागते.

शेवटचा कप किती वाजता

जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि ते आपल्या जागी जाऊन बसले की झोप येते. कॅफीन त्या जागा अडवून बसते. अ‍ॅडेनोसिन कमी होत नाही; सावकाराला दारातच थोपवून धरल्यासारखे ते बाहेर उभे राहते आणि कॅफीन हटताच आत शिरते. म्हणून कॉफीने झोप लांबते, फिटत नाही.

प्यायल्यावर अर्ध्या ते एका तासात रक्तातले प्रमाण शिखरावर पोहोचते, आणि साधारण ५ तासांनी निम्मे उरते. आता पहाटे ४ ला घेतलेली डबल कॉफी पाहा: १२० मिलिग्रॅम. सकाळी ९ वाजता त्यातले ६० अंगात आहे. म्हणजे पडदे ओढून, उशाशी एक कप कॉफी पिऊन झोपायला गेल्यासारखेच झाले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्याच्या ६ तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅमनेही झोप तासाभराहून अधिक तुटली होती. "मला कॉफी पिऊनही झोप लागते" म्हणणाऱ्यांची झोपही उथळ होते; दुपारी साडेबाराला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे ही त्याची खूण.

तेव्हा वेळापत्रक असे लावा. संध्याकाळी साडेसात ते नऊ एक झोप काढा. पूर्ण दीड तास नाही जमला तर निदान अर्धा तास. जेवून निघा. पहिली कॉफी साडेअकराला, ५० ते ६० मिलिग्रॅम. दुसरी एक-सव्वाला, तेवढीच. तिसरी लागलीच तर अर्धी, आणि अडीचच्या आत. अडीचनंतर कॉफी, चहा, एनर्जी ड्रिंक, सगळे बंद. एकदम मोठा मग घेण्यापेक्षा लहान मात्रा विभागून घेतल्या की जाग सारखी राहते आणि हातही कमी थरथरतात.

शरीराचे तापमान पहाटे ३ ते ५ च्या सुमारास सर्वांत खाली जाते आणि तेव्हाच जांभया येतात. हा तास कॉफीने मारायचा मोह सगळ्यांत मोठा, आणि बिघाडही इथेच होतो. त्या वेळी उठून दहा मिनिटे चाला, गार पाण्याने तोंड धुवा, उजेड जास्त असेल तिथे उभे राहा, रिपोर्ट लिहिण्यासारखी बसून करायची कामे आधी उरका आणि फिरतीची कामे या तासासाठी राखून ठेवा. कंपनीत ब्रेकमध्ये डुलकी घ्यायला परवानगी असेल तर दोन-सव्वादोनच्या ब्रेकला अर्धी कॉफी पटकन पिऊन लगेच २० मिनिटांचा गजर लावून डोळे मिटा. कॉफी चढायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. २० च्या पुढे जाऊ नका. गाढ झोपेतून उठल्यावर डोके जड राहते. उठल्यावर दहा मिनिटे प्रेस, क्रेन, फोर्कलिफ्ट यांना हात लावू नये.

एक अपवाद आहे. कसारा घाट उतरायचा असेल, किंवा सुटल्यावर गोंद्याहून, सिन्नरहून दुचाकीने हायवेने यायचे असेल आणि डोळे मिटत असतील, तर झोपेचे गणित बाजूला ठेवा. गाडी थांबवा, २० मिनिटे झोपा, लागलीच तर कॉफी घ्या. त्या सकाळची दोन तास झोप गेली तरी चालेल. रोजच असे होत असेल तर कंपनीची बस धरा. कॉफी हा त्यावरचा उपाय नव्हे.

जळजळ, करपट ढेकर, तोंडाला आंबट पाणी

कॉफी दोन बाजूंनी काम करते. जठरातले आम्ल वाढवते आणि अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप सैल करते. त्यात रात्री पोट रिकामे, किंवा दीड वाजता वडापाव, आणि सकाळी घरी पोहोचताच आडवे पडणे. आम्ल वर यायला आणखी काय हवे?

दूध घातल्याने जळजळ थांबते हा समज अर्धाच खरा आहे. दुधाने पंधरा-वीस मिनिटे बरे वाटते, मग पोट त्याच्यासाठी पुन्हा आम्ल सोडते. कॅफीन काढलेल्या कॉफीनेही अनेकांना जळजळ होते, कारण आम्ल वाढवणारे इतर घटक तिच्यात शिल्लक असतात. ती झोपेला मदत करेल, पित्ताला करेलच असे नाही.

उपाय पोटातल्या अन्नाच्या वेळेचा आहे. घरून नऊ-साडेनऊला मुख्य जेवण. एक वाजता लहान जेवण: दीड-दोन पोळ्या, सुकी भाजी, किंवा ज्वारीची भाकरी आणि डाळ. कॉफी त्याच्या आधी रिकाम्या पोटी नको, आणि ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी जेवणासोबतही घेऊ नये, कारण चहा-कॉफी अन्नातले लोह शोषू देत नाही. तासाभराचे अंतर ठेवा. अशांसाठी एकचे जेवण साडेबाराला उरकले की दीडची कॉफी नीट बसते. साडेचारला केळे, मूठभर फुटाणे किंवा मुरमुरे. इथे चिक्की-बिस्किटांनी पोट भरले तर सहाला पुन्हा ग्लानी येते.

आणि सकाळची मिसळ. सात वाजता सुटल्यावर चार जणांनी मिळून तर्री मारायची ही नाशिकची सवय आम्हालाही प्रिय आहे, पण रात्रभर कॉफी गेलेल्या पोटात झणझणीत रस्सा, वर चहा आणि अर्ध्या तासात झोप, हा पित्ताचा सर्वांत सरळ रस्ता आहे. आठवडाभर सकाळी मऊ खिचडी, उपमा, कमी तिखट पोहे किंवा ताकभात खा. मिसळ झोप झाल्यावर, संध्याकाळी. न्याहारी आणि झोप यांत निदान तास-दीड तास जाऊ द्या. तरीही आंबट पाणी येत असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा इंचांची वीट किंवा लाकडी ठोकळा घाला आणि डाव्या कुशीवर झोपा. दोन उशा घेऊन फक्त मान उचलू नका, त्याने पोटावर दाब येतो.

कंबरदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष जपावे. अशी गोळी रिकाम्या पोटी कॉफीबरोबर कधीच नको. आम्ल कमी करणारी कॅप्सूल महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने चालू ठेवणेही बरे नाही. ती लागतेच आहे याचा अर्थ वरचे काहीतरी दुरुस्त व्हायचे राहिले आहे.

धडधड आणि थरथर

आधी नाडी मोजा. बसून, मनगटावर, ३० सेकंदांचे ठोके दुप्पट करा. दहा मिनिटे शांत बसूनही १०० च्या वर असेल तर त्या रात्रीपुरते कॅफीन बंद, पाणी प्या, थोडे खा. सोबत छातीत दाब, दम लागणे, घाम, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठोके उडतउडत पडणे यांतले काहीही असेल तर "कॉफीमुळे असेल" म्हणून थांबू नका. सुपरवायझरला सांगा, ओएचसीत (कंपनीच्या दवाखान्यात) जा किंवा १०८ ला फोन लावा.

साधी धडधड बहुधा दोन गोष्टींनी होते: एकदम मोठी मात्रा, किंवा कॉफीवर एनर्जी ड्रिंक. पण तेवढीच कॉफी असून त्रास अचानक नवा सुरू झाला असेल तर मागच्या पंधरवड्यात काय बदलले ते पाहा. कॅफीन यकृतातल्या एका एन्झाइमकडून मोडले जाते, आणि त्या एन्झाइमचा वेग बदलतो. सिप्रोफ्लॉक्सासिन हे जुलाबाला किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाला दिले जाणारे अँटिबायोटिक तो वेग मंदावते. गर्भनिरोधक गोळ्यांनी कॅफीन जवळपास दुप्पट वेळ अंगात राहते. दम्यासाठी थिओफायलिन घेणाऱ्यांना कॉफी जड जाते, कारण दोन्ही एकाच कुळातली. हे सुरू असेपर्यंत कॉफी निम्मी करा किंवा सोडा, आणि डॉक्टरांना विचारा.

सिगारेट-बिडीची गोष्ट उलटी आहे. धुराने कॅफीन लवकर मोडते, म्हणून ओढणाऱ्याला जास्त कॉफी लागते. ओढणे सोडले की काही दिवसांत तीच कॉफी दुप्पट बसू लागते. धडधड, चिडचिड, झोप उडणे हे सगळे सिगारेट सोडल्याचा त्रास वाटून माणूस पुन्हा ओढू लागतो. सोडताना कॉफीही त्याच दिवशी निम्मी करा. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही, त्यामुळे तंबाखू मळणाऱ्यांना हा हिशेब लागू नाही.

सुट्टीच्या दिवशीची डोकेदुखी

रोज कॅफीन घेणाऱ्याने ते एकदम थांबवले की १२ ते २४ तासांत डोके धरते, एक-दोन दिवसांत शिखर गाठते आणि कधी आठवडाभरही रेंगाळते. सोबत सुस्ती, चिडचिड. कॅफीनवाली गोळी घेतली की लगेच उतार पडतो, पण तो कॅफीनचाच असतो. दुखणे पुढच्या दिवसावर ढकलले जाते.

सुट्टीला दुपारी उठल्यावर एक लहान कप घ्या आणि तेवढ्यावर थांबा. कॉफी कमीच करायची असेल तर दर तीन दिवसांनी पाव हिस्सा उतरवा. ३०० वर असाल तर २२५, मग १७० असे. चमचा मोजून घेतला तरच हे जमते. कॉफी सोडून त्या जागी चार कटिंग आणले तर काहीच उतरले नाही, हेही लक्षात ठेवा.

लघवी, तहान, थंडी

रोज पिणाऱ्यांच्या शरीराला कॉफीच्या लघवी वाढवणाऱ्या परिणामाची बरीच सवय होते, त्यामुळे कॉफीने शरीर कोरडे पडते ही भीती फार धरू नये. फाउंड्री, फोर्जिंग, हीट ट्रीटमेंटला असाल तर घामाचा हिशेब वेगळा: तिथे पाणी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत लागते, कॉफी त्याची जागा घेत नाही. शेवटच्या तासात पाणी थोडे कमी करा म्हणजे झोपेतून उठावे लागणार नाही.

नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत कपांची संख्या वाढते ती झोपेमुळे कमी आणि गारठ्यामुळे जास्त. गारठ्याने लघवीही वाढते. हाताला ऊब हवी असेल तर थर्मासमध्ये गवती चहा आणि आले घालून उकळलेले पाणी न्या. त्यात चहा पावडर घालायची नाही, तर ते पहाटे पाचलाही चालते.

घरी पोहोचल्यावर

थायरॉइडची गोळी सकाळी घेत असाल तर ती कॉफी-चहाबरोबर नको, निदान अर्धा ते एक तास अंतर हवे; नाहीतर नीट शोषली जात नाही. रात्रपाळीत ती नेमकी कधी घ्यायची हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

झोपायच्या खोलीत अंधार हवा: खिडकीला जाड काळे कापड, कडेला टेप. बेल बंद, फोन सायलेंट, पंख्याचा आवाज असू द्या, त्यात बाहेरचे आवाज बुडतात. येताना उन्हाचा गॉगल घातला तर झोप लवकर येते, पण जानेवारीत सातला पुरते उजाडलेले नसते; तेव्हा गॉगल लावून गाडी चालवू नका.

पाळी बदलताना

हे सगळे बसवले तरी पुढच्या थर्डला घडी विस्कटते, कारण मधल्या दोन आठवड्यांत सवय मोडलेली असते. ज्या रात्री पाळी सुरू होते त्या दिवशी सकाळचा नेहमीचा कप घ्या, दुपारनंतर काही नको, म्हणजे संध्याकाळची डुलकी लागते. पहिल्या रात्री माणूस दिवसभराचा जागा असतो आणि तिथेच मोजमाप सुटते. पहिल्या रात्रीचे सॅशे मोजून खिशात न्या, जास्तीचे बॅगेतच ठेवू नका. शेवटच्या रात्री कॉफी एक वाजता थांबवा, सकाळी तीनच तास झोपा, उठून उजेडात फिरा आणि रात्री वेळेवर पाठ टेका.

वरच्या पद्धतीने थर्डचे दोन आठवडे काढूनही त्रास तसाच असेल तर कारण कॉफीबाहेर शोधावे लागेल. झोपेत मोठे घोरणे आणि श्वास अडकणे, थायरॉइड, रक्तक्षय, वाढलेली साखर किंवा रक्तदाब हे सगळे रात्रपाळीच्या थकव्यात लपून राहतात. काळी शौच, गिळताना अडकणे, कारण नसताना घटणारे वजन, रात्री छातीत दुखून जाग येणे यांपैकी काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. डॉक्टरांकडे जाताना तीन रात्रींच्या नोंदींचा कागद आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप सोबत न्या, डोकेदुखीसाठी मेडिकलमधून सुट्या आणलेल्यासुद्धा.